पोचलं की कळव

मुनीरसरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते जिवाणूंची माफी मागत होते. "पानी लई थंड हाय, पण इलाज नाय," असं बर्फातल्या नळीला समजावत होते. मी प्रयोगशाळेत नवी. हादरलेच. असल्या माणसाच्या हाताखाली काम करायचं?

काम असं होतं. आमच्या या जिवाणूंना दोन भिंती असतात आणि दोहोंच्या मधे चिंचोळी जागा. आम्ही घडवलेलं एन्झाइम आत तयार व्हायचं, पण ते हवं होतं त्या मधल्या जागेत. म्हणून त्याच्या डोक्याला एक छोटी पट्टी जोडायची. तीच त्याला आतली भिंत ओलांडून नेते. ओलांडली की पट्टी कापली जाते. हे शिकवताना सर दरवेळी मधेच गप्प व्हायचे. मला वाटायचं, विसरले.

जिवाणू वाढायला ठेवताना सर काचेवर टिचकी मारून म्हणत, "बेटा, पोचलं की कळव." हेच ते आम्हालाही म्हणत. मी जायची जवळच, करमाडपर्यंत, तरी रोज तेच. फोन कोण करतंय! आम्ही पाठीमागे त्यांची नक्कल करून पोट धरून हसायचो.

एन्झाइम मात्र काही कळवेना. जिवाणू आधी साखरेच्या पाण्यात ठेवायचे, मग एकदम बर्फगार पाण्यात. त्या धक्क्यानं बाहेरची भिंत मधल्या जागेतला ऐवज सोडते. त्यात रसायन घातलं की, एन्झाइम पोचलं असेल तर, रंग पिवळा व्हायला हवा. आमचं आपलं पाणी ते पाणीच. सर पट्ट्यांवर पट्ट्या बदलत राहिले. वरून प्रकल्प गुंडाळायची भाषा सुरू झाली.

आणि एका दुपारी नळी पिवळीधमक झाली. मी नाचायच्या बेतात, तर सर मटकन स्टुलावर बसले आणि रडायलाच लागले.

"हे पोचलं," ते म्हणाले. "माझ्या शबानानं नाय कळवलं."

शबाना? सर गुलमंडीत एकटे राहायचे. लग्नच केलं नसेल, असं आम्ही धरून चाललो होतो. पण ही त्यांची मुलगी होती. त्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून परदेशी निघाली, तेव्हा सर दारापर्यंतसुद्धा गेले नव्हते.

"पोचलं की कळव, हे मीच बोललो नाय तिला. ती कशाला कळवंल?"



त्या संध्याकाळी करमाडला उतरल्याबरोबर मी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"सर, पोचले."

"बरं झालं, बेटा."

पुढं ते काही बोलले नाहीत, पण फोनही ठेवेनात. मीही घर येईपर्यंत तो कानाला लावून चालत राहिले.