पार्सलबाबूंची करडी शाल

पनवेलच्या शाळेत नोकरी लागली आणि मी नि कुसुम बिऱ्हाड घेऊन आलो, त्या दिवशी शेजारच्या खोलीतून एक उंच, हडकुळे गृहस्थ बाहेर आले आणि त्यांनी दारात ठेवलेल्या माझ्या वळकटीची सुतळी सोडायला घेतली. मला वाटलं, मदत करताहेत. पण त्यांनी ती वळकटी पुन्हा आवळून बांधली, गाठीवर अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाले, "हं, आता न्या आत."

"आत नेऊन सोडायचीच आहे," मी म्हणालो.

"सोडा की. पण घरात शिरताना तरी नीट शिरू दे."

हे शमुवेल आढाव. पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसत, म्हणून सगळं पनवेल त्यांना पार्सलबाबू म्हणे. टोपीच्या काठात एक दाभण कायम खोचलेलं असे. खिडकीत आलेल्या पार्सलाची शिवण त्यांना पसंत पडली नाही की ते दाभण बाहेर निघे आणि मागची रांग खुशाल उन्हात उभी राही. एकदा एक व्यापारी वैतागून म्हणाला, "बाबू, माल माझा आहे. फुटला तर माझा फुटेल."

"फुटेल तुमचा," पार्सलबाबू टाका घालत म्हणाले, "नाव पनवेलचं जाईल."

घरीही तीच तऱ्हा. त्यांच्याकडे वाटीभर साखर मागितली तर पुडी मिळे, आणि ती अशी बांधलेली की चहा आटून जाई पण पुडी सुटत नसे. तोंडाने काही सांगणं तर त्यांना जवळजवळ वर्ज्यच होतं. नळाला पाणी आलं, हेसुद्धा ते चिठ्ठीवर लिहीत, चिठ्ठीची घडी घालून तिला दोरा गुंडाळत आणि आमच्या कडीला अडकवून जात. दोरा सोडेपर्यंत पाणी गेलेलं असे. मी एकदा म्हटलं, "अहो, नुसती हाक मारा ना."

"तोंडी बोलण्याला वजन नसतं, गुरुजी. ज्याला वजन नाही, ते पोचत नाही."

पनवेलात तशी सगळ्या देवांची सोय होती. मोहल्ल्यात शुक्रवार पाळत, इस्राएल आळीत शनिवार पाळत. रविवार पाळणारे आमच्या आळीत एकटे पार्सलबाबू, आणि रविवारी सगळ्यांनाच सुट्टी असल्यामुळे त्यांचा वार कोणाच्या लक्षातच येत नसे. वडील नगरकडे खेड्यातल्या ख्रिस्ती देवळाचे पाळक होते. लग्न केलं नव्हतं. धाकटी बहीण रूथ नगरला, तिच्याहून धाकटा भाऊ दानिएल पुण्याला. भेटीगाठी जवळपास थांबलेल्या. उरला होता तो नाताळच्या भेटींचा नेम.

हा नेम वडलांनी घालून दिलेला. पाळकाच्या पगारात तीन मुलांनी एकमेकांना भेटी द्यायच्या म्हणजे सहा वस्तू झाल्या, त्या आणायच्या कुठून? म्हणून त्यांनी ठरवलं, थोरल्याने मधलीला द्यायचं, मधलीने धाकट्याला, धाकट्याने थोरल्याला. प्रत्येकाने एक द्यायचं, प्रत्येकाला एक मिळायचं. लहानपणी एखादा पेरू, एखादी पेन्सिल. मुलं म्हातारी व्हायला आली तरी नेम चालू होता. पार्सलबाबू दरवर्षी रूथला एक करडी लोकरीची शाल पाठवत. दरवर्षी तीच, त्याच रंगाची, त्याच दुकानातली. नगरची थंडी मोठी, असं ते म्हणत. इतक्या शाली पांघरून ती बाई हालचाल तरी कशी करत असेल, असा मला प्रश्न पडे.

आम्हालाही ते भेट देत. पहिल्याच नाताळच्या आदल्या दिवशी त्यांनी एक छोटं पार्सल आणून कुसुमच्या हातात ठेवलं. पांढरं मांजरपाट, माशाच्या काट्यासारखी बारीक शिवण, टोकाला लाखेचा लाल ठिपका. आमची नावं मोत्यासारख्या अक्षरात. ते दाबून पाहत कुसुम म्हणाली, "रुमाल असावेत." आणि मग म्हणाली, "इतकं सुंदर शिवलंय, उसवायचं जिवावर येतं हो." ते आम्ही फळीवर, आरशाशेजारी ठेवून दिलं. येणारे-जाणारे कौतुक करत. पुढल्या वर्षीचं त्याच्या शेजारी बसलं.

नाताळ उलटला की दुसऱ्या दिवशी पार्सलबाबू ओट्यावर भेटत आणि विचारत, "पोचलं ना?"

"पोचलं, पोचलं. फार सुरेख."

ते क्षणभर माझ्याकडे बघत, मान हलवत आणि पोस्टात जात.

विचुंब्याहून भागीबाई डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकायला यायची. ती एकदा आमच्या ओट्यावर टेकली असताना म्हणाली, "ह्या बाबूचा सन मना कलत नाय. सनाला नाय मटान, नाय मच्छी. वाल सोलून आन म्हनतात, तीन मानसांचं. मानूस तं एकला हाय."

आम्हालाही कळत नव्हतं. एरवी हा गृहस्थ सुक्या बोंबलाशिवाय जेवत नसे. आणि नाताळच्या दिवशी मात्र घरात वालाचं बिरडं, दुपारभर दार सताड उघडं आणि आत पाटासमोर तीन ताटं मांडलेली. तीन ताटं म्हणजे हे, बहीण आणि भाऊ, हे आम्ही धरूनच चाललो. कोणी यायचं नाही. दोन-अडीचला ते दार लोटून घेत. "बिचाऱ्यांचं कोणी येत नाही हो," असं कुसुम म्हणायची, मी सुस्कारा टाकायचो आणि आम्ही आमच्या पानावर बसायचो.

तिसऱ्या वर्षी, दिवाळी झाल्यावर, पार्सलबाबू आमच्याकडे येऊन बसले. चिठ्ठी न लावता आले, तेव्हाच मी समजलो की काहीतरी आहे. येत्या मार्चअखेर ते रिटायर होणार होते.

"रूथच्या घराला मागे पडवी आहे," ते म्हणाले. "एक खाट मावते. तिथे राहू का, असं विचारायचंय."

"मग विचारा. कार्ड टाका."

"कार्डावर मागितलं की तिला कार्डावर नाही म्हणावं लागेल, गुरुजी. पोस्टमनसुद्धा वाचणार. म्हणून चिठ्ठी शालीच्या घडीत घातली. भेट हातात घेऊन वाचलं की माणूस जरा मऊ होतो. होतो ना?"

मी होतो म्हणालो. त्या वर्षीचं पार्सल त्यांनी तीन दिवस शिवलं. लाख वितळवताना त्यांचे दोन्ही हात फडक्यात गुंतलेले, म्हणून काडी मी धरली. त्या शिवणीतून मुंगी शिरली नसती.

डिसेंबरच्या मध्यावर रूथचं कार्ड आलं. त्यांनी ते माझ्या हातात दिलं. 'दादास सप्रेम नमस्कार. शाल पोचली. फार उबदार आहे. थंडी पडली की तुझी आठवण होते. प्रकृतीस जपणे.' मी उलटून पाहिलं. मागे नुसता पत्ता होता.

"चिठ्ठीचं काहीच नाही," मी म्हणालो.

"नाही. म्हणजे वाचलं, आणि उत्तर नको वाटलं." पुढचे दहा दिवस त्यांनी खिडकीत कोणाचंही पार्सल उसवलं नाही. लोक कशीही गाठोडी आणत आणि ते निमूट शिक्का मारत. पोस्टात त्यावरून कुजबुज झाली. मला तर त्यांची धास्तीच वाटायला लागली.

नाताळच्या आदल्या दिवशी आमचं पार्सल नेहमीसारखं आलं आणि फळीवर तिसरं होऊन बसलं.

नाताळच्या दिवशी तीन वाजता मी बेसनाचे लाडू घेऊन त्यांच्याकडे गेलो. दार लोटलेलं होतं. आत तीन ताटं तशीच, कोरडी. बिरड्याच्या पातेल्यावर झाकण.

"कोणी यायचं होतं का?" मी विचारलं.

"यायचे होते," ते म्हणाले. "नसेल जमलं. बसा. दानिएलचं पार्सल उघडायचंय."

मांडीवर पार्सल घेऊन ते शिवण न्याहाळू लागले. "मशीन. आणि घाई. हे दानिएलचं घर." बोलता बोलता खुलले. कात्री ते कधी वापरत नसत, कापड वाया जातं. एकेक टाका काढून त्यांनी फडकं सोडवलं. आत दुसरं फडकं निघालं, त्यावर दानिएलचा पत्ता.

"अरे लबाडा," ते हसले. "रूथचं पार्सल न उघडता पुढे ढकललंय. लहानपणी पेरूसुद्धा असाच चावून पुढे द्यायचा." त्यांनी त्या फडक्यावरून बोट फिरवलं. "टाके बघा हिचे, वाकडेतिकडे. चष्म्याचा नंबर वाढलाय वाटतं. कोणी सांगायला नाही तिला."

दुसरं फडकं निघालं. आत तिसरं होतं. पांढरं मांजरपाट, माशाच्या काट्याची शिवण, टोकाला लाखेचा ठिपका. वर त्यांच्याच अक्षरात रूथचं नाव.

मी काडी धरली होती ती लाख. जशीच्या तशी.

पार्सल माझ्याकडे करून ते म्हणाले, "पनवेल, नगर, पुणे, पनवेल. एक टाका हलला नाही, गुरुजी."

"उद्याच रूथताईंना सरळ लिहा," मी म्हणालो. "त्यांनी वाचलेलंच नाही. त्या नाही म्हणालेल्याच नाहीत."

"नाही ना. आणि मी दहा दिवस तिच्यावर रागावून बसलो." त्यांनी डोळे पुसले, लपवले नाहीत. "पण आता लिहिलं तर तिला कळेल की शाल फिरून माझ्याकडेच आली. दानिएललाही कळेल. दोघंही शरमेने मरतील. सणाला का कोणाला खाली बघायला लावायचं?"

"अहो, पण तुमचं काय?"

"पाठवणाऱ्यास परत," ते म्हणाले. "नियम आहे. सही करून ताब्यात घ्यायचं." आणि त्यांनी माझ्यासमोर कार्ड काढून दानिएलला दोन ओळी लिहिल्या. 'भेट पोचली. फार उबदार आहे.' ते पार्सल त्यांनी तसंच, न उसवता, पेटीत ठेवून दिलं.

घरी आलो. कुसुमला सगळं सांगता सांगता माझी नजर फळीवर गेली. तिचीही गेली. आरशाशेजारी तीन पार्सलं ओळीने बसली होती. तिने विळी घेतली आणि तिन्ही उसवली. प्रत्येकात दोन रुमाल होते आणि रुमालाच्या घडीत एक चिठ्ठी. तिन्ही वर्षं मजकूर तोच.

'उद्या नाताळ. आपण उभयतांनी दुपारी बारा वाजता आमच्याकडे जेवायला यावे. वालाचे बिरडे करीन. सामिष काही करणार नाही, भांडी नवी आहेत. अडचण असल्यास न आलात तरी चालेल, तसे सांगण्याची तसदी घेऊ नये.'

तोंडावर विचारलं तर ख्रिस्ती माणसाच्या घरी जेवायचं की नाही याचं उत्तर आम्हाला तोंडावर द्यावं लागलं असतं. ती वेळ आमच्यावर येऊ नये म्हणून त्यांनी ते शिवून दिलं होतं. आणि आम्ही दोन वर्षं त्यांना सांगत होतो, पोचलं, पोचलं.

तशीच आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. पावणेपाच झाले होते. पातेलं भागीबाईबरोबर विचुंब्याला गेलं होतं आणि तीन ताटं धुऊन उपडी घातलेली होती. पार्सलबाबूंनी आम्हाला बसायला घोंगडी दिली, चहा केला. कुसुमने कप खाली ठेवला. शेवटी ती म्हणाली, "रुमाल फार छान आहेत."

"आवडले ना?" ते म्हणाले. "बरं झालं."

मार्चमध्ये ते रिटायर झाले आणि त्याच खोलीत राहिले. टोपीतलं दाभण गेलं. नळाच्या चिठ्ठ्याही बंद झाल्या. पाणी आलं की ते आता दारातून हाक मारत. आम्हाला वेळेवर पाणी मिळू लागलं, आणि त्याचं मला मुळीच सुख वाटलं नाही.

पुढच्या नाताळच्या आदल्या दिवशी पार्सल आलं. कुसुमने ते उंबऱ्यातच उघडलं. उसवावं लागलंच नाही. चार सैल टाके होते, एक दोरा ओढला नि सगळं सुटलं. आत दोन रुमाल. आम्ही घड्या मोडून पाहिल्या, झटकून पाहिल्या, फडकं उलटं करून पाहिलं. चिठ्ठी नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाराला कुसुम बरं लुगडं नेसली. "बोलावणं नाही," मी म्हणालो. "तीन वर्षांचं आहे," ती म्हणाली आणि चालू लागली.

पार्सलबाबूंचं दार उघडं होतं. आत एक ताट होतं. आम्हाला पाहून ते गडबडीने उठले. "या. काही काम होतं का?"

"नाही," कुसुम म्हणाली. "जेवायला आलोय."

ते फळीपाशी गेले, दोन ताटं काढली, आणि आमच्याकडे पाठ करून ती कितीतरी वेळ पुसत राहिले. चुलीवर एका माणसाचा भात होता. तो आम्ही तिघांनी खाल्ला.