घेतलं म्हण ना गा

गभणेभाऊंच्या हातून चहाचा कप घ्यायचा तर आधी तोंडानं "घेतलं" म्हणावं लागतं. तोवर ते कप सोडत नाहीत. तुम्ही ओढा, चहा सांडू द्या, बोटं भाजू द्या. भाऊ शांतपणे तुमच्या तोंडाकडे बघत राहतात. "घेतलं म्हण ना गा." म्हटलं की त्याच क्षणी कप सुटतो.

भंडाऱ्यातल्या आमच्या लहानशा सॉफ्टवेअर ऑफिसात किल्ली, पेन, डब्यातली पोळी सगळं असंच हातातून हातात जातं. पुतणीच्या लग्नात भाऊंनी आहेर देताना नवरदेवालाही अडवून धरलं होतं म्हणे. मागे माणसं खोळंबली, बँडवाले थांबले, शेवटी नवरदेव पुटपुटला तेव्हा कुठे पाकीट सुटलं. लोक हसतात. भाऊ हसत नाहीत. "वस्तू देनाऱ्याच्या हातात हरपत नाही, घेनाऱ्याच्याही नाही," ते म्हणतात, "मधातच हरपते."

आमचं काम वैनगंगेच्या पाण्याचा अंदाज सांगायचं. कोणत्या गावात कोणत्या तासाला पाणी किती चढेल, याचा हिशेब भाऊ तक्त्यात मांडत, ओळीला एक गाव, रकान्याला एक तास. त्यांची प्रोग्रामिंगची भाषा जुनी, यंत्राच्या पोटात हात घालणारी. तो तक्ता घेऊन स्क्रीनवर दाखवायचं काम माझं, आणि माझी भाषा नवी, मेमरीची झाडझूड स्वतःच करणारी. या झाडझुडीवर भाऊंचा दात होता. "तुह्या भाषेच्या घरात झाडूवाली बाई आहे. झाडता झाडता सामान इकडचं तिकडं करते. मी त्यात लिहून राहिलो तोवर तक्ता दाबून धर, हालू देऊ नको."

दुसरी भानगड ओळींची. मेमरीत तक्ता नसतोच, आकड्यांची एक लांबच लांब रांग असते. भाऊंची भाषा ती उभी मोजते, माझी आडवी. हे समजावायला त्यांनी मला ऐन रोवण्यात, भाताची रोपं लावायच्या दिवसांत, धानाच्या बांधीवर नेऊन चिखलात उभं केलं. "एकीनं आडवं रोवलं, दुसरीनं उभं मोजलं. पऱ्हे तेवढेच, बांधी तेच. पन तिसऱ्या ओळीतला पाचवा पऱ्हा दाखव म्हटलं, त दोघी दोन जागी बोट दाखवतीन." माझी एक चप्पल त्या बांधीत राहिली, पण डोक्यात प्रकाश पडला.

म्हणून तक्ता देताना भाऊंचा प्रोग्राम आधी आकडे माझ्या पद्धतीनं मांडायचा आणि मग माझ्या प्रोग्रामला विचारायचा, तिसऱ्या गावाचा पाचवा तास किती? उत्तर जुळलं तरच स्क्रीन उघडायची. यंत्राकडूनही "घेतलं" वदवून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

नव्या साहेबांना हे पोरकट वाटलं. "मांडणी काढा, विचारपूस काढा. उगाच वेळ जातो." भाऊंनी हातपाय आपटले, तेव्हा साहेबांनी स्वतः बसून दोन्ही काढलं. एरर आली नाही. एरवी आली असती, कारण गावं होती एकोणीस आणि तास चोवीस. उलटा तक्ता चौकटीत मावलाच नसता. पण त्याच आठवड्यात आम्ही आणखी पाच गावं जोडली होती. चोवीस गावं, चोवीस तास. चौकोनी तक्ता कसाही फिरवा, बसतोच. नदीही तेव्हा शांत होती, सगळे आकडे सारखेच दिसत. साहेब म्हणाले, "बघा, काही बिघडलं का?"

मग नदीच्या वरच्या अंगाला धो धो पाऊस झाला. दुपारी नदीपलीकडच्या कारध्याहून भाऊंच्या बायकोचा, सुमनवहिनींचा फोन आला. "पानी वसरीत आलं जी." स्क्रीनवर कारध्याची ओळ हिरवीगार. साहेब म्हणाले, "पावसाचं साचलं असेल."

भाऊंनी ती ओळ बोटानं वाचली. आकडा चढत होता, पडत होता, पुन्हा चढत होता. "नदी घंट्या-घंट्याले अशी उड्या मारते का गा? हे कारध्याचे तास नाहीत. ही साऱ्या गावाइची एकाच घंट्याची ओळ आहे." त्यांनी फोनवर वहिनींना सांगितलं, "निघ. शाळेकडे जा. घेतलं?" मग जुनी मांडणी परत बसवली. कारध्यासकट खालच्या कितीतरी गावांच्या ओळी लाल झाल्या.

संदेश पाठवून भाऊंचं भागेना. एकेका सरपंचाला त्यांनी फोन लावला. "समजलं नको म्हनू. घेतलं म्हन." कुणी चिडलं, कुणी शिवी हासडली, पण म्हटल्याशिवाय फोन सुटला नाही. माणसं निघाली. दाव्याला बांधलेली जनावरं सोडायला मात्र कुणाला वेळ मिळाला नाही. नंतर कितीतरी दिवस कारध्याच्या खालच्या गल्लीत नाकाला रुमाल लावल्याशिवाय जाता येत नव्हतं. साहेबांचा मला तेव्हा राग आला, तो अजून गेलेला नाही.

पाणी ओसरल्यावर मी भाऊंच्या घरी गाळ काढायला गेलो. फावडं मारता मारता वहिनी सहज बोलावं तसं बोलल्या. मागच्या एका पुरात भाऊ छातीभर पाण्यात उभे होते. डोंग्यातल्या नावाड्याच्या हाती त्यांनी पोरगी दिली, चार वर्षांची पिंकी. "ह्यायले वाटलं त्यानं धरली. त्याले वाटलं हे अजून धरून आहेत. दोघांतलं कोनी बोललंच नाही जी." मी गाळ ओढत राहिलो.

भाऊ माळ्यावर चढून वाचलेलं सामान खाली देत होते. पाण्याचा पितळी गुंड. "घेतलं." गोधड्या. "घेतलं." शेवटी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक फोटो आला. दोन वेण्या, कपाळावर मोठी टिकली.

"घेतलं," मी म्हणालो.

भाऊंनी सोडला नाही.

"घेतलं, भाऊ. दोन्ही हातांनी धरलंय." त्यांची बोटं कडेवर तशीच.

वहिनी फावडं टाकून आल्या. चिखलाचे हात पदराला पुसून त्यांनी फोटोखाली धरले. "मी बी धरली आहे," त्या म्हणाल्या. "सोडा आता."

भाऊ माळ्यावरून खाली बघत राहिले. आम्ही तिघंही तसेच धरून उभे होतो.