गजापूरचा घाट

गजेंद्रने सकाळी बूट घालता घालता आईच्या मांडीवर लॅपटॉप ठेवला, तेव्हा कौशल्याबाईंना वाटले, पोराने आपल्यासाठी सिनेमा लावून दिला.

"पिच्चर नाई माय, गाव हाय हे," गजेंद्र म्हणाला. "मीच वसवलं. गजापूर. आजच्या दिवस तू सांभाळजो."

कौशल्याबाईंचा उजवा पाय प्लास्टरमध्ये होता. परतवाड्याकडच्या आपल्या घरी पायरीवरून घसरल्या आणि मुलाच्या अमरावतीच्या फ्लॅटमध्ये येऊन पडल्या. उभ्या जन्मात त्या इतका वेळ एका जागी बसल्या नव्हत्या. गजेंद्र रोज बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला नोकरीला जाई. दिवसभर त्यांच्या सोबतीला खिडकी, आणि खिडकीतून दिसणारी दुसऱ्यांचे वाळत घातलेले कपडे.

गजेंद्रचा हा खेळ मोठा विचित्र होता. रानात वस्ती उभी करायची, लाकूड तोडायचे, धान्य पिकवायचे, माल विकायचा आणि मरणाच्या थंडीत माणसे जगवायची. लॅपटॉप बंद केला तरी खेळ थांबत नसे. थंडी यायची ती यायचीच. एरवी तो ऑफिसातून मोबाइलवर लक्ष ठेवी. पण या आठवड्यात ट्रेनिंग होते आणि मोबाइल दारातच जमा करून घेत होते.

"लाल घंटी वाजली का या कोठारावर बोट ठेवजो. बस. बाकी कायलेच हात लावू नको. आन् हा घाट," त्याने नदीकाठी जाडजूड साखळी लावलेली जागा दाखवली, "हा तर अजिबात उघडू नको."

"काहून?"

"आपलं गाव स्वयंपूर्ण हाय. कोनाकडून काईच घ्याचं नाई."

तो गेला. खरे कारण त्याने सांगितलेच नाही.

नदीच्या पलीकडे हसनाबाद होते. ते अकोल्याच्या हसनैनचे. दोघे कॉलेजात एका खोलीत राहिले होते, आणि कौशल्याबाईंच्या हातच्या भाकरी हसनैनने गजेंद्रपेक्षा जास्त खाल्ल्या होत्या. खेळही दोघांनी मिळूनच सुरू केला. गजापूरचे लाकूड तिकडे जाई, हसनाबादचे मीठ इकडे येई. मागच्या थंडीत मात्र मिठाची नाव उशिरा आली. गजापूरचे साठवलेले मासे सडले आणि अर्धे गाव मेले. गजेंद्रने फोन करून "तू मिठाले जागला नाई" असे सुनावले. हसनैन हसून म्हणाला, "अबे, खेळ आहे तो!" हे हसणे गजेंद्रच्या जिव्हारी लागले. त्याने घाटाला साखळी घातली, गावाभोवती दगडी भिंत बांधली आणि सगळे घरच्या घरी पिकवायला सुरुवात केली. तेव्हापासून दोघांचे बोलणे बंद.

कौशल्याबाईंनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. इवल्या इवल्या बाया विहिरीवर पाणी भरत होत्या. एक माणूस लाकूड फोडता फोडता थांबून कपाळ पुसत होता. धुराड्यांतून धूर निघत होता आणि वारा फिरला की धूरही वळत होता.

"बाप्पा बाप्पा बाप्पा!" त्या एकट्याच मोठ्याने म्हणाल्या. आपल्या पोराने हे सारे वसवले, या विचाराने त्यांच्या अंगावर काटा आला.

मग आभाळातून पांढरे काहीतरी पडायला लागले.

"अवो माय, कापूस!" त्या म्हणाल्या. पण माणसे तो वेचेनात. उलट खांदे आवळून घरात पळू लागली. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आले की हा बर्फ. त्यांनी मांडीवरची चादर नकळत स्वतःच्या अंगावर ओढली.

घंटी वाजली. त्यांनी कोठारावर बोट ठेवले. माणसे रांगेने आली, दाणे घेऊन गेली. थोड्या वेळाने घंटी पुन्हा वाजली. त्यानंतर वाजली तेव्हा कोठार रिकामे होते, आणि घराघरावर लाल खूण लुकलुकू लागली. गजेंद्रचा फोन लागेना. कौशल्याबाईंनी पलीकडच्या काठाकडे पाहिले. तिकडे दिवे होते, धूर होता, मेंढरे होती.

"समोर येवढं भरलं गाव, आन् यायनं घाटाले साखळी लावून ठेवली!"

त्यांनी साखळीवर बोट ठेवले. लॅपटॉपने विचारले, 'खात्री आहे?' त्यांनी 'हो' इतक्या जोराने दाबले की लॅपटॉप मांडीवरून घसरता घसरता राहिला.

साखळी खळखळत पाण्यात पडली. पलीकडून कंदील लावलेली एक नाव निघाली, आणि लॅपटॉपमधून आवाज आला, "कोण? गजेंद्रभाई?"

कौशल्याबाईंनी आधी डोक्यावर पदर घेतला. "गजू ऑफिसात गेला. मी त्याची माय होय. तू कोन व?"

"काकू? मी उज्मा! हसनैनची!"

"उज्मा? तू यात कशी गेली बाई?"

"यात नाही काकू, घरीच आहे मी, अकोल्याले. डॉक्टरनं पडून राहाले सांगतलं, म्हनून यांचं गाव मीच सांभाळून राहिली."

"पडून? काहून?"

"सातवा महिना लागला नं."

"आन् मले कोनीच सांगतलं नाई?"

"कसं सांगतील? दोघं बोलतच नाहीत."

"कशापायी?"

"मिठापायी."

"मिठापायी? गजूच्या घरी डबा भरून मीठ हाय, मी आत्ताच पाह्यलं!"

"या खेळातलं मीठ, काकू."

कौशल्याबाईंनी विषय कामाचा काढला. इकडे पोटाला दाणा नव्हता, पण लाकडाचे ढीग होते. तिकडे धान्य होते, खारवलेले मासे होते, लोकर होती, पण लाकडावाचून चुली विझत आल्या होत्या. दुपारपर्यंत नावांची नुसती रांग लागली. उज्मा बटणे सांगत होती, कौशल्याबाई दाबत होत्या, आणि मधूनच डिंकाचे लाडू कसे वळायचे तेही सांगत होत्या.

गजापूरच्या चुली पेटल्या. त्यांचा धूर लांबून दिसला, म्हणून रानात भटकणारी माणसे वेशीवर आली. लॅपटॉपने विचारले, 'आसरा द्यायचा?'

"दारात आलेल्या मानसाले नाई म्हनू का?" कौशल्याबाईंनी सगळ्यांना आत घेतले. उज्मा जपून म्हणाली, "काकू, यायले घरं पाहिजेत पन." घरांना दगड हवे होते. दगड भिंतीत होते. कौशल्याबाईंनी भिंत पाडली.

भिंत पडलेली पाहून डोंगरातले लुटारू खाली उतरले.

"आता काय करू व?" कौशल्याबाई घाबरल्या.

"तुमच्या गोदामात पिपं आहेत पाहा. ते द्या त्यायले."

"कशाचे होय हे?"

उज्माने आवाज खाली आणला. "दारूचे. गजेंद्रभाईंची भट्टी आहे नं."

"माह्या पोरानं दारूची भट्टी लावली?" कौशल्याबाई कडाडल्या. त्यांनी एकही पिंप मागे न ठेवता सगळी लुटारूंकडे रवाना केली आणि भट्टीच्या जागी मेंढवाडा बांधला. लुटारू पिऊन तिथेच आडवे झाले. उठले तेव्हा डोंगराची वाट बर्फाने बुजली होती. मग काय करतात बिचारे, लाकडे फोडू लागले.

संध्याकाळी गजेंद्र आला, आणि पाठीवरची बॅग न काढता सोफ्यासमोर उभाच राहिला. नदी गोठली होती. तिच्यावरून दोन्ही काठांची माणसे कंदील घेऊन ये-जा करत होती, आणि तो सोन्यासारखा उजेड खालच्या बर्फात उतरला होता. गाव सकाळपेक्षा दुप्पट झाले होते. इतके सुंदर गजापूर त्याने कधी पाहिले नव्हते.

"माय," तो कसाबसा म्हणाला, "भिंत कुठी गेली?"

"घरं बांधले तिचे."

"आन् हे... हे लुटारू होत का लाकडं फोडून राह्यले ते?"

"लुटारू होते. आता तसे नाई राह्यले. भट्टीचं मले तुले मांगून विचाराचंच हाय." कौशल्याबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले. "दिवसभर उज्मा होती यात माह्या संगं. तिले सातवा महिना हाय. माहीत हाय का तुले?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पडद्यावर हसनैनचे नाव होते.

"गज्या, अबे तुझ्या आईनं माझी अर्धी मेंढरं नेली!"

"आन् तुह्या बायकोनं माह्यी भिंत पाडली!"

"लोकर सगळी गेली!"

"भट्टी गेली माह्यी!"

दोघांचाही दम संपला.

"सातवा?" गजेंद्रने हळूच विचारले.

"हो."

"सांगाचं नाई का बे?"

"रोज नंबर काढत होतो," हसनैन म्हणाला. "काढून परत ठेवून देत होतो."

गजेंद्रने पाठीवरची बॅग काढली आणि म्हणाला, "रविवारी येतो. माय लाडू करून राह्यली."

रविवारी भाड्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर प्लास्टरचा पाय लांब करून कौशल्याबाई अकोल्याला पोचल्या. हसनैनने दार उघडले. तो आणि गजेंद्र एकमेकांकडे पाहत नुसते उभे राहिले. कौशल्याबाईंनी दोघांच्या खांद्यांचा आधार घेतला आणि दोघांना ओढत आत गेल्या. उज्माच्या गालावरून हात फिरवून त्यांनी कानशिलावर बोटे मोडली, लाडवाचा डबा तिच्या हातात ठेवला, आणि म्हणाल्या, "उघड व. बर्फ फुटाले आला असन."

चहा हसनैनने केला, कप गजेंद्रने धुतले. दोघे ट्रे घेऊन खोलीत आले आणि दारातच थबकले.

नदीवरचा बर्फ खरेच फुटत होता. मोठमोठे तुकडे करकरत वाहून जात होते. मधोमध, कौशल्याबाई आणि उज्माने मधल्या दिवसांत उभारलेला एक पूल होता. त्याला लाकूड गजापूरचे, दगडही गजापूरचे, आणि बांधणारे निम्मे लुटारू. पुलाच्या दोन्ही टोकांना बाजार भरला होता. झाडांना पालवी फुटत होती. कुठल्या घरी कोणते गाव संपते आणि दुसरे सुरू होते, ते आता दोघांनाही ओळखता येईना.

"गज्या," हसनैन हळू आवाजात म्हणाला, "आपल्याच्यानं हे कधी झालं असतं का बे?"

गजेंद्रने मान हलवली. ट्रेमधला चहा निवत चालला होता. पुढे होऊन जवळून पाहावे म्हणून दोघे सोफ्यामागे वाकले.

"मांगं उभे नोका राहू," कौशल्याबाई पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, "उजीड अडते."