म्हातारे ओळखण्याची टेकडी

एका जंगलात, मुलांनो, म्हातारं होण्याची फार चांगली सोय होती. तरुणपणी प्रत्येकाने आपल्या रोजच्या खाण्यातला एक घास टेकडीवरच्या कोठारात टाकायचा. म्हातारपणी त्याला कोठारातून मऊ फळं मिळायची, आणि दुखलंखुपलं तर औषधही. खारी सगळं घरपोच आणून द्यायच्या. व्यवस्था इतकी सरळ होती, की सरकारला तिच्यात काही करण्यासारखंच नव्हतं. सरकारला याचं फार वाईट वाटायचं.

एकदा भांडारमंत्री मुंगूसराव सभेत उभे राहिले. म्हणाले, हल्लीचे म्हातारे मरायला फार वेळ लावतात. असंच चाललं तर कोठार रिकामं होणार.

विरोधी पक्षाचे रानडुक्करराव खवळले. म्हातारे म्हणजे आपलं दैवत, त्यांचा वाटा दुप्पट करा, असं ते डोळ्यांत पाणी आणून बोलले. मागे त्यांचं राज्य होतं तेव्हा हाच वाटा निम्मा कोणी केला, हे आपण विचारायचं नाही हं. सभेत ते वाईट दिसतं.

भांडण उन्हाळाभर चाललं. शेवटी दोघांचं एकमत झालं, की जे खरोखर म्हातारे आहेत त्यांनाच द्यावं. सभासद मात्र निवडून आल्या दिवसापासून म्हातारे समजावेत, हे न बोलताच ठरलं.

आता खरे म्हातारे ओळखायचे कसे? मुंगूसरावांनी तोडगा काढला. ज्याला टेकडी चढवत नाही, तो म्हातारा. वाटप कुठे करायचं? कोठार टेकडीवर आहे, तेव्हा तिथेच. खारींना कामावरून कमी करायचं, म्हणजे तेवढीच बचत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यातली गोम ज्यांच्या लक्षात आली, त्यांनी जरा जोरात वाजवल्या.

टेकडीच्या पायथ्याशी एका वडावर रखमाजी नावाचा म्हातारा वानर आणि त्याची बायको सगुणा राहत. सगुणाला जुनाट खोकला होता. कोठारातून येणाऱ्या अडुळशाच्या काढ्यावर ती तग धरून होती. खारी यायच्या थांबल्या, तसा काढा थांबला. थोड्याच दिवसांत तिला फांदीवर बसवेना. रखमाजी फार घाबरला. तिच्याशिवाय जगायची कल्पनाही त्याला सहन होत नव्हती.

"मी वर जाऊन काढा आणतो," तो म्हणाला.

"अहो, पण गुडघ्यांचं काय?"

"त्यांना सांगायचंच नाही."

पण गुडघ्यांना कळलंच. दर दगडावर टेकत, दर झाडाला मिठी मारत रखमाजी कसाबसा वर पोचला. मुंगूसरावांना हात जोडून त्याने बायकोसाठी काढा मागितला.

"त्या का नाही आल्या?" मुंगूसरावांनी विचारलं.

"तिला उठवत नाही, साहेब."

"मग त्या आजारी आहेत हे आम्ही कसं समजायचं? इथवर येऊन दाखवायला हवं."

"बरं, मग माझा वाटा द्या. तो मी तिला देईन."

मुंगूसरावांनी त्याला नीट न्याहाळलं. "आजोबा, तुम्ही टेकडी चढून आलात. तुम्ही कसले म्हातारे?"

रखमाजीला रडू फुटलं. जन्मभर टाकलेल्या घासांची त्याने आठवण करून दिली. त्याबद्दल सरकार ऋणी आहे आणि दर वर्षी भाषणात तसं सांगतं, असं त्याला कळलं.

मग मुंगूसराव मवाळ झाले. तुमच्यासारखा धडधाकट गडी रिकामा बसलेला बघवत नाही, म्हणाले. वर येणाऱ्यांना तपासायला एक जण हवाच होता. पगार रोज एक द्रोण काढा. सरकारी नोकर म्हणून तो खाली पोचवायला खारसुद्धा मिळणार होती.

रखमाजीने नोकरी धरली. तो टेकडीवरच राहू लागला. खाली सगुणाचा खोकला उतरला.

आणि एका सकाळी म्हाळू साळिंदर वर आला. हा रखमाजीचा जन्माचा सोबती. दात गेलेले, काटे झडलेले, एक पाय ओढत चालणारा. आल्या आल्या तो धापा टाकत दगडाला टेकला. मग रखमाजीला ओळखून त्याचा जीव भांड्यात पडला.

"बरं झालं बाबा, तूच आहेस. चार मऊ फळं दे. काही चावत नाही बघ आता."

रखमाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मागे मुंगूसराव उभे होते आणि चुलीवर सगुणाचा काढा उकळत होता.

"म्हाळू, तू टेकडी चढून आलास," तो खाली बघत म्हणाला. "तू कसला म्हातारा?"

तात्पर्य : रोज व्यायाम करावा, शरीर कमवावं, असं गुरुजी सांगतात ते तरुणपणापुरतं ठीक आहे, मुलांनो. म्हातारपणी मात्र अंगात थोडंही बळ शिल्लक ठेवू नये. सरकारला ते लांबूनही दिसतं.