तेलाच्या दिव्याला पाणी

आमच्या शेजारचे देवरावजी देवळापुढून जाताना कधी हात जोडायचे नाहीत, पण गाडीतला लाल दिवा लागला की भर रस्त्यात थांबायचे. मागून ट्रक येतो की बैलांची रेंगी, त्यांना घेणंदेणं नव्हतं. उतरायचे, बोनट उघडायचे, तेल मोजायची पट्टी काढून धोतराच्या सोग्याला पुसायचे, पुन्हा बुडवायचे आणि आत बसलेल्या एकेकाला दाखवायचे. तेल नेहमी भरपूर असायचं.

"मग दिवा काहून लागला?" मी विचारायची.

"दिवा लागला म्हणजे थांबाचं, वैनी. तेलाचा दाब नसला तर इंजिन कामातून जाते."

हा माणूस जन्मभर एका शेठची मोटार चालवत होता. नोकरी संपली तेव्हा शेठची जुनी काळी गाडी त्यांनीच विकत घेतली. गल्लीतलं लग्न असो की दवाखाना, ती गाडी लागायचीच, म्हणून सगळे त्यांचं ऐकून घेत. दुसरी खोड अशी, की खोटं बोलायचं नाही. ज्याच्या घरी जेवायला बोलावलं त्याच्याच पंगतीत बसून सांगायचे, "वरण करपलं आहे." वाढणारीच्या तोंडावर.

बायको लवकर गेलेली. एकच पोरगी, शांता. तिच्या लग्नात व्याह्यानं मांडवातच गाडी मागितली. देवरावजी म्हणाले, "गाडी देली तर पोरीले भेटाले मी कशात येऊ?" व्याही म्हणाला, "मग येऊच नका." झालं. तेव्हापासून पोरगी माहेरी आली नाही आणि हे तिकडे गेले नाहीत. मी त्या वेळी लेकीच्या बाळंतपणाला भिवापूरला होते, नाहीतर त्या व्याह्याला दोन शब्द ऐकवले असते.

आता माझ्या भाचीच्या लग्नाचं ऐका. लग्न सावनेरला. मी नवं लुगडं नेसून मागच्या सीटवर बसले. सावनेरच्या अलीकडे एका गावात देवरावजींनी गाडी एकदम हळू केली आणि दिवा लागला. थांबले एका घरासमोर. घरातून टोपीवाला म्हातारा आला, खिडकीतून मुंडकं घालून त्यानं दिवा पाहिला, "लागला आहे" म्हणाला आणि आत हाक मारली, "पाणी आण वं, सूनबाई." मला वाटलं, काय चोंबडा माणूस आहे. बादली घेऊन कोणी आली. खिडकीतून वाकले तरी उघड्या बोनटामुळे मला फक्त जोडव्यांचे पाय दिसले.

"भाऊजी, लग्न लागून राहिलं असन तिकडे," मी ओरडले. पाणी ओतताहेत की विहीर भरताहेत कळेना. आम्ही पोचलो तेव्हा लोक जेवून हात धूत होते. बहीण माझ्याशी महिनाभर बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः देवरावजींना गाडीसकट रहीम मिस्त्रीकडे नेलं. मिस्त्रीनं आधी चावी फिरवली. दिवा लागला.

"बघा," मी म्हटलं.

"इंजिन बंद है, अम्मा. बंद इंजिन पर ये जलताच है," मिस्त्री म्हणाला.

मग गाडी चालू करून चांगली तापू दिली. इंजिन हळू चालवलं की दिवा लागे, जोरात चालवलं की विझे. मिस्त्रीनं इंजिनाच्या अंगाला बसवलेलं एक बटण काढलं. तेलाचा दाब तेच दिव्याला कळवतं म्हणे. त्या जागी दाब मोजायचा काटा लावला आणि गाडी पुन्हा हळू चालवली. दाब बरोबर होता.

"तेल ठीक, इंजिन ठीक. बटन झूटा है. मैंने पिछले साल बताया था, नया दिया भी था." त्यानं देवरावजींच्या देखत गाडीतला खण उघडला. नवं बटण कागदात तसंच गुंडाळलेलं.

माझ्या अंगाची लाही झाली. "माहीत होतं तुम्हाले? आणि मले लग्नाले मुकवलं?"

देवरावजी जमिनीकडे पाहत होते. "दिवा तर खराच लागे, वैनी."

"और पानी कायको डालते थे?" मिस्त्रीनं विचारलं. "तेल की बत्ती को पानी से क्या काम?"

मी तिथंच उभी राहून नवं बटण बसवून घेतलं.

वर्षानं त्याच भाचीच्या बाळाचं बारसं आलं. पुन्हा सावनेर. त्याच गावात देवरावजींनी गाडी हळू केली. दिवा लागला नाही. आणखी हळू केली. आमच्या शेजारून एक सायकलवाला पुढे निघून गेला. देवरावजी समोरच्या न लागलेल्या दिव्याच्या काचेकडे पाहत होते, आणि गाडी पाहून दारात बादली घेऊन शांता उभी होती. लहानपणी माझ्या ओट्यावर चिंचोके खेळायची तीच शांता. पोट पुढे आलेलं. ओसरीवर टोपीवाला बसलेला.

देवरावजींनी गिअर बदलला.

"थांबवा," मी म्हटलं.

"दिवा नाही लागला, वैनी."

"इंजिन बंद करा. मग चावी नुसती फिरवून ठेवा."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग इंजिन बंद करून चावी नुसती फिरवली. दिवा लागला.

टोपीवाला आला, वाकून पाहून म्हणाला, "लागला आहे." हा व्याही. येऊ नका म्हणणारा हाच, आणि रस्त्यावरच्या माणसाला पाणी नाही म्हणायची हिंमत नसणाराही हाच.

"वर्षभर दिसली नाही गाडी," तो म्हणाला. "पण तेलाच्या दिव्याले पाणी काहून लागते?"

"तुम्ही मिस्त्री आहा का?" मी म्हटलं. "बाजूले व्हा, उन्हात उभी आहे पोरगी."

बोनट उघडलं. खाली दोन पायांत जोडवी, दोन पायांत फाटक्या वहाणा. पाणी रस्त्यावरच सांडत होतं. मग देवरावजींचा आवाज आला, "जेवली का?"

"हो."

"बरं."

एवढंच. एवढ्यासाठी माणूस वर्षानुवर्षं खराब बटण सांभाळतो आणि शेजारणीला एका शब्दानं सांगत नाही, याचा मला अजून राग आहे.

बारशाला पोचलो तेव्हा पाळणा म्हणून झाला होता. बहीण दारातच उभी होती. "या वेळेस काय झालं?"

देवरावजींनी तोंड उघडलं. ते खरं सांगणार, हे मला ठाऊक होतं. मी त्यांच्या पुढे झाले.

"दिवा लागला होता," मी म्हटलं. "लागला म्हणजे थांबाचं."