मूळ प्रत वरच्या रकान्यात

निवृत्त हेडक्लार्कांनी भांडी घासता घासता ठरवलं, की एक साधा तक्रार-अर्ज करायचा. बस्स, एवढंच. (जगातले निम्मे घोटाळे साध्या अर्जानेच सुरू होतात, असा आमचा अंदाज आहे.)

त्यांची बायको पॉडकास्ट करायची. घरातल्या गमतीजमती, बासष्ट भाग. ती होती तोवर ह्यांनी एकही ऐकला नाही. ह्यांना वाटायचं, बहिणीशी फोनवर बोलतेय. ती गेली आणि ह्यांना ऐकायची सवय लागली. भांड्यांबरोबर एक भाग, कपडे वाळत घालताना एक. बासष्ट संपले की पुन्हा पहिला. घर इतकं लख्ख झालं, की शेजारीण पायपुसण्यावरसुद्धा पाय ठेवायला कचरायची.

त्या सकाळी लेकीने बातमी आणली. "बाबा, एका पॉडकास्टवाल्याने आईचे भाग उचलून स्वतःच्या कार्यक्रमात लावलेत. न विचारता!"

"माझ्या बायकोचा आवाज उचलला? थांब, अर्ज करतो."

"मी भरते ना. ऑनलाइन असतो तो."

"तू गप गं. छत्तीस वर्षं दुसरं केलंय काय मी?"

फॉर्मवर दोन रकाने होते. वरच्यात चोरीचा कार्यक्रम लिहायचा, खालच्यात मूळ. पण ह्यांच्या ऑफिसात छत्तीस वर्षं एकच शिस्त : मूळ प्रत वर, नक्कल खाली. हात आपोआप चालला. (रकान्याचं नाव वाचायची वेळ नवशिक्यांवर येते.)

दुसऱ्याच दुपारी बासष्टच्या बासष्ट भाग गायब.

"बाबा! तुम्ही आईचीच तक्रार केलीत?"

हेडक्लार्कांनी रकान्यांची नावं आत्ता कुठे वाचली. "तिच्या फोनमध्ये असतील की."

"तो तुम्हीच कोरा करून आत्याला दिलात."

लेकीने कंपनीला विनवणीचं पत्र धाडलं. उत्तर आलं : खातेदाराने स्वतः अर्ज करावा.

ते उत्तर हेडक्लार्कांनी तीनदा वाचलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एखाद्या कागदावर काय शेरा मारावा ते सुचेना. त्या दिवशी भांडी तशीच पडली.

शेवटी त्यांनी त्या चोरालाच फोन लावला.

"काका, चुकलं माझं," तो घाबरून म्हणाला. "आत्ता उडवतो सगळं."

"नको! उडवू नकोस रे राजा! तुझ्याकडे किती आहेत?"

"बासष्ट."

हेडक्लार्कांनी डोळे पुसले. "देव तुझं भलं करो. सगळे पाठव."

"पाठवतो. आणि काका, आवाजही साफ केलाय. काकू काय सुंदर बोलतात! पण मागे सारखी कुणा म्हाताऱ्याची कटकट चालायची. चष्मा कुठाय, टॉवेल कुठाय. ती पार काढून टाकली."

"असं?" हेडक्लार्क म्हणाले. "असेल कुणीतरी."

संध्याकाळी बापलेक ऐकायला बसले. बायको बोलत होती, मधेच थांबत होती, कुणीच काही विचारलेलं नसताना "अहो, डोक्यावर आहे!" म्हणून हसत होती. आजवर तिथे दोघं होते, आता ती एकटीच होती. हेडक्लार्कांना ते ऐकवेना. पुढची मोकळी जागा येताच त्यांनी घसा खाकरून हळूच विचारलं, "अगं, टॉवेल कुठाय?"

"श्शू!" लेक डोळे पुसत म्हणाली. "बाबा, निदान आता तरी आईला बोलू द्या."