साळूच्या अंगावरचे गोल

आमचे मालक हल्ली माणसाशी सरळ बोलत नाहीत. कुणी दारात आलं की एक डोळा झाकतात, हात लांब करतात, मुठीतल्या पेन्सिलीवर अंगठा वरखाली सरकवतात आणि मग "या, बसा" म्हणतात. बसतो कोण! परवा शेजारच्या रंगुबाई विरजण मागायला आल्या. ह्यांनी डोळा झाकला. बाई वाटीसकट माघारी फिरल्या आणि कुंपणापलीकडून ओरडल्या, "लंकाबाई, तुमच्या मालकानं मला डोळा मारला! ह्या वयात!"

"अवो, डोळा न्हाई मारला, माप घेतलं!"

"कशाचं माप?"

"चित्राचं!"

रंगुबाई कुंपणाशी आल्या. मग म्हणाल्या, "मंग आधी सांगायचं की! बरं लुगडं नेसून आले असते."

आता सांगा, अशा गावात मी कुणाकुणाला तोंड देऊ?

ह्यांची, म्हणजे गहिनीनाथरावांची, सगळी नोकरी शुगर फॅक्टरीच्या वजनकाट्यावर गेली. उसाच्या गाड्या मोजल्या, रिटायर झाले, घरी बसले. बसले ते बसले, पण मला वाटलं, चार दिवस खाटेवर लोळतील आणि मग वैरणीला हात लावतील. कशाचं काय! डोळे तपासायला नगरला गेले आणि चष्म्याच्या ऐवजी चित्रकला शिकवणारी तीन जाड पुस्तकं घेऊन आले.

"अगं, लंका, ह्यात लिव्हलंय की चित्रकला कुनालाबी येती!"

"लिव्हणाऱ्यानं तुमाला बघितलं न्हाई म्हून."

शाळेची पायरी मी जशी चढले तशी उतरले, पण पुस्तकातली चोरी मला पहिल्याच दिवशी दिसली. पहिल्या चित्रात दोन गोल. दुसऱ्या चित्रात त्या गोलांना चार काड्या. आणि तिसऱ्या चित्रात घोडा! आयाळ उडतीय, नाकपुड्या फुगल्यात, आता खिंकाळतो की मग! मधे काय घडलं ते छापणाऱ्यानं पार गिळून टाकलं होतं. मी भाकरी अशी शिकवली असती तर? हे पीठ, हे पाणी, ही घ्या टम्म फुगलेली भाकरी! सुनेनं परात माझ्याच डोक्यावर घातली असती.

ह्यांचा घोडा दोन गोल आणि चार काड्यांच्या पुढं कधी गेलाच नाही. गाय काढली, ती दोन गोल आणि चार काड्या. कुत्रं काढलं, तेही तेच. माझ्या सुनेनं, पंकजानं, एकदा चुकून म्हटलं, "मामा, ही खाट छान काढली हो!" तो मोर होता. दोन दिवस सासरा सुनेशी बोलला नाही.

आता मूळ गोष्टीकडं येते.

माझ्या गोठ्यात दोन म्हशी. एक साळू आणि एक ठकी. साळूची आई ती जन्मली तेव्हाच गेली. मी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. माझ्या पोरांना मी एवढं जपलं नाही, ते अजून बोलून दाखवतात. साळू धार देणार ती माझ्याच हाताला. तिचा फोटो मी आजवर कुणाला काढू दिला नाही, कारण माणसांच्या नजरा वाईट. ठकीचं मात्र उलटं. पुढून मारकी, मागून लाथाळ, आणि बाजूनं उभं राहिलं तर शेपटीनं थोबाड फोडणारी! म्हणून गुरुवारी मी छगन व्यापाऱ्याला बोलावलं. "लाथ मारती, आधीच सांगून इकते," मी म्हणाले. तो म्हणाला, "चालंल, आजी." सौदा ठरला.

आमच्याकडं सौदा ठरला की व्यापारी जनावराच्या पाठीवर गेरूनं गोल काढतो. गोल निघाला की शब्द पक्का. दुसऱ्या दिवशी टेम्पोवाला येतो, गोल बघतो, जनावर चढवतो आणि घोडेगावच्या बाजारात नेतो. गोल असल्यावर कुणी कुणाला काही विचारत नाही. छगननं ठकीच्या पाठीवर लांबूनच, काठीला चिंधी बांधून गोल काढला आणि गेरूचं डबडं आमच्याच गोठ्यात विसरून गेला.

शुक्रवारी सकाळी माझा मान आडवा आला. लंकाबाईच्या दारातून शेणानं माखलेली म्हैस गेली, असं उद्या कुणी म्हणायला नको! मी ठकीला पाईप लावून अशी धुतली, अशी धुतली, की तिच्यात तोंड दिसावं. तोंड दिसलं, गोल गेला. ते ध्यानातच आलं नाही. पंकजा घास कापायला मळ्यात गेली होती, आणि साळूची धार परत आल्यावर काढू म्हणून मी रात्रीच्या दुधाची किटली घेऊन डेअरीकडं निघाले. जाताना ह्यांना बजावलं, "टेम्पो येईल. ठकीला सोडून द्या. जमंल ना एवढं?"

"एवढं बी जमनार न्हाई का मला?" असं विचारून ते पुस्तक घेऊन गोठ्यात गेले.

त्या पुस्तकात एक पान होतं. त्यात म्हणे लिहिलं होतं, की नुसता कागद बघू नका, जित्या जनावरात लपलेले गोल शोधा. ह्यांनी शोधले. नुसते शोधून थांबले असते तर मी आज हे सांगत बसले नसते! ठकीच्या जवळ जायची छाती नव्हती, म्हणून छगनच्या डबड्यातला गेरू घेऊन ह्यांनी माझ्या साळूच्या अंगावर गोल काढले. पोटाला मोठा, पुठ्ठ्याला मधला, खांद्याला एक, मानेला एक. पुस्तकात गोलांना आकडे होते, म्हणून इथंही आकडे घातले! साळू बिचारी रवंथ करत उभी. मग पुढच्या ओळीत लिहिलं होतं, आता डोळे मिटा आणि सगळे आकार आठवा.

मालक खाटेवर मांडी घालून, डोळे मिटून बसले.

टेम्पो आला. टेम्पोवाला वैजनाथ गोठ्यात डोकावला. एक म्हैस चकचकीत, अंगावर ठिपका नाही. दुसरीच्या अंगावर गोलच गोल! तो मनाशी म्हणाला, एका गोलानं सौदा पक्का होतो, मग हा सौदा केवढा पक्का असेल! तरी बिचाऱ्यानं विचारलं, "बाबा, चढवू का?"

ह्यांनी डोळे न उघडता हात वर केला. म्हणजे, मधे बोलू नको, दुसरा गोल आठवतोय.

वैजनाथनं चढवली.

मी डेअरीवरून आले तर गोठ्यात ठकी एकटी, माझ्याकडं बघून कडबा चघळतीय. आणि हे खाटेवर कागदावर वाकलेले. "लंका, आज जमलं! बघ, हुबेहूब साळू!"

"ती कागदावरची राहू द्या! दाव्याची साळू कुठं हाय?"

ह्यांनी मान वर केली. गोठ्याकडं बघितलं. मग सवयीनं एक डोळा झाकून बघितलं. साळू तरीही दिसली नाही.

मी रडले नाही. पदर खोचला, गावातला दुसरा टेम्पो बोलावला, आणि चार माणसं लावून ठकीला चढवली. तिनं दोघांना लोळवलं. "चला!" मी म्हणाले. "पुस्तक घेतलंत? घ्या, घ्या! तुमच्या गुरूला बी दाखवू त्याचं काम!" आणि ह्यांनी खरंच छातीशी पुस्तक धरलं.

सगळ्या वाटेनं मी उन्हाकडं बघत होते. दुपारपर्यंत बाजार फुटतो. साळू एकदा परजिल्ह्यातल्या गाडीत चढली की मला ती परत दिसायची नाही. त्यात तिची धारेची वेळ टळून गेलेली. दुसऱ्या कुणाच्या हाताला ती दूध सोडणार नाही, आणि दूध सोडत नाही म्हणून मार खाईल.

घोडेगावच्या बाजारात शिरलो. जिकडं बघावं तिकडं म्हशी! काळी म्हैस शोधायची, ती काळ्या म्हशींत! फोटो दाखवावा तर फोटो मीच कधी काढू दिला नव्हता. ह्यांनी खिशातून कागद काढला. "चित्र हाय की!"

पहिल्या माणसानं कागद उभा धरून बघितला, आडवा धरून बघितला. "इंजिन हरवलंय का, बाबा?"

दुसरा म्हणाला, "बटाट्याचं पोतं हाय व्हय? भाजीबाजार तिकडं."

तिसरा चांगला म्हातारा माणूस होता. त्यानं चष्मा पुसून, नीट निरखून, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "पोराचं हाय ना? न्हान हाय अजून. शिकंल!"

मालकांनी कागदाची घडी केली आणि खिशात घातली. पण मला हसायला वेळ नव्हता, कारण पुढं भली मोठी गर्दी दिसली. घुसले. मधे माझी साळू! आणि छगन छाती पुढं काढून उभा. लोक तिच्या अंगावरचे आकडे वाचत होते.

"हे नंबर डाक्टरनं घातलेत," एकजण दुसऱ्याला सांगत होता. "एकेक भाग तपासून!"

"पोटावर एक नंबर हाय. म्हंजे पोट एक नंबर!"

खर्डा गावचं बजरंग नावाचं गिऱ्हाईक तर दावं हातात धरूनच बसलं होतं. मी म्हणाले, "छगन, ही माझी साळू. इकली ती ठकी. ही घे तुझी ठकी, सोड माझी साळू."

छगननं ठकीकडं बघितलं. ठकीनं छगनकडं बघितलं. तो दोन पावलं मागं सरला. "आजी, जिच्यावर गोल ती माझी. आन् तुमच्या मालकांनीच हात वर केला म्हनं. इथं गिऱ्हाईक बी ठरलंय."

"व्हय," बजरंग म्हणाला. "मी हीच न्हेनार."

मी आवाज चढवला नाही. चढवला असता तर म्हशी बुजल्या असत्या. मी बजरंगला म्हणाले, "न्हे, बाबा. पर आधी धार काढून बघ. न बघता म्हैस घेत्यात का कुठं?"

गर्दीला हे पटलं. बादली आली. बजरंग बसला. सड ओढले, कास थोपटली, चुचकारलं, पुन्हा ओढले. थेंब नाही! साळूनं पान्हा असा चोरला, जसा काही जन्मात दूध हा शब्द ऐकला नाही. वर त्याच्या चपलेवर पाय देऊन शांत उभी राहिली.

"सर बाजूला," म्हणाले मी. बसले. "साळ्ये, माझी बाय ती!" एवढंच म्हणाले. आणि बादलीत सरसर सरसर! फेस काठाला आला.

बजरंगनं बादलीत वाकून बघितलं. मग त्यानं छगनला विचारलं, "ही आजी बी म्हशीबरुबर देता का?"

"माझ्या गोठ्यात ये," मी म्हणाले, "मंग सांगते कोन कुनाला न्हेतं!"

लोक खदखदून हसले. बजरंगनं दावं सोडलं आणि चप्पल मागितली. छगननं डोकं खाजवलं. "घ्या, आजी, तुमची साळू. पर ठकीवर गोल तरी काढून द्या. बिनगोलाचं जनावर मी कसं न्हेऊ?"

गोल म्हटल्याबरोबर मालक पुढं! मी "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत ह्यांनी शेजारच्या व्यापाऱ्याच्या गेरूत बोट बुडवलं, एक डोळा झाकला आणि ठकीच्या मागं जाऊन माप घेतलं. ठकीनंही घेतलं. तिची लाथ थेट ह्यांच्या छातीवर! पण छातीशी पुस्तक होतं, जाड पुठ्ठ्याचं. पुस्तक घोड्याच्या पानापर्यंत फाटलं, मालक गवताच्या पेंढ्यांवर जाऊन पडले, शाबूत! त्या पुस्तकाचा एवढा एक उपयोग मी मरेपर्यंत मान्य करीन.

ठकीला छगनकडं सोडून घरी आलो. साळूला धुतली, मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. उंबऱ्यावर टेकते न टेकते, तो हे समोर येऊन उभे. छाती चोळतायत, पण चेहरा उजळलेला. पंकजा दारातून बघत होती.

"लंका, चूक कुठं झाली ते मला कळलं. जनावर हलतं. माणूस बसवून काढाया पायजे. तू अशीच बस. आधी डोकं, म्हंजी एक गोल..."

आणि एक डोळा झाकून, गेरूचं बोट पुढं करून, हे माझ्याकडं निघाले!

मी बसल्या जागेवरून, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सांगितलं, "अवो, कागद रंगवा, भिंत रंगवा, वाटलं तर रंगुबाईला रंगवा, ती लुगडं नेसून बसलीच हाय! पर गेरू घिऊन माझ्या अंगाशी येऊ नका. साळूला हाक मारून परत आनायला मी हुते. उद्या टेम्पोवाल्यानं मला चढवलं, तर तुमच्या हातच्या चितरावरनं अख्ख्या बाजारात मला कुनी वळखायचं न्हाई!"